जुन्या बंदुकीची साक्ष

काशीस गेलेला मराठी यात्रेकरू दशाश्वमेधावर स्नान आटोपून प्रवाहाच्या उलट दिशेने, म्हणजे दक्षिणेकडे, चालू लागला की शीतला घाट ओलांडून थोड्याच वेळात अहिल्याबाई घाटावर येऊन पोचतो. घाटाचे नाव कानी पडताच त्याला माहेरचे माणूस भेटल्यासारखे वाटते. पायऱ्यांचा तो विस्तार, त्यावर उभा असलेला उंच वाडा आणि खाली वाहणारी गंगा हे सारे पाहून तो सहज म्हणतो, “हे सगळे अहिल्याबाईंनी बांधले.” त्याच्या भक्तीला ते शोभतेही. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला एवढ्यावर थांबता येत नाही. या घाटास पूर्वी केवलगिरी घाट म्हणत. म्हणजे नावापासूनच बदलास प्रारंभ झालेला आहे. पायऱ्यांचा दगड चुनारच्या खाणींतला, पण त्यांपैकी कोणता चिरा अठराव्या शतकातला आणि कोणता नंतर पुराने ढासळल्यावर बसविलेला? कोणता रंग मूळचा आणि कोणता परवाचा? विजेचा खांब पाहून तो नवा आहे हे सांगावयास विद्वान लागत नाही; पण एक चिरा दुसऱ्या चिऱ्यासारखाच दिसत असेल तर निवाडा कोणी व कशाच्या आधारे करावयाचा?

काशीच्या बाबतीत असा आधार थोडाफार उपलब्ध आहे. जेम्स प्रिन्सेप हा इंग्रज अधिकारी १८२० ते १८३० या काळात काशीच्या टांकसाळीत होता. त्याने या नगरीची आणि तिच्या घाटांची बारकाईने चित्रे काढली आणि ती १८३१ पासून पुढे छापून प्रसिद्ध केली. ती चित्रे हाती घेऊन नदीपात्रातून घाटांकडे पाहिले म्हणजे दोन शतकांत काय राहिले आणि काय पालटले याचा अंदाज येऊ लागतो. श्रीविश्वेश्वराच्या मंदिराचेही तसेच. १६६९ मध्ये जुने मंदिर पाडले गेले. १७८० च्या सुमारास अहिल्याबाईंनी आजचे मंदिर उभारले. १८३० नंतरच्या दशकात महाराजा रणजितसिंगांच्या दानातून त्याच्या शिखरावर सोने चढले. आणि २०२१ मध्ये मंदिरापासून गंगेपर्यंतचा सारा परिसर मोकळा होऊन त्याचे रूप बदलले. यांतील प्रत्येक बदलाला काळ आहे, कर्ता आहे आणि हेतू आहे. ते तिन्ही ठाऊक असल्यामुळे मंदिराच्या सत्यतेस बाधा येत नाही. उलट त्याचा इतिहास भरीव होतो.

घाट आणि मंदिर सर्वांच्या नजरेसमोर असतात. त्यांवर हात फिरवणाऱ्याला शेकडो साक्षीदार असतात. परंतु इतिहासाची काही साधने अशी असतात की ती बंद खोलीत, पेटीत किंवा भिंतीवरच्या खुंटीवर वर्षानुवर्षे पडून असतात, आणि त्यांत केलेला फेरफार कोणाच्याही दृष्टीस पडत नाही. जुनी शस्त्रे ही अशा साधनांपैकी होत. अहिल्याबाई घाटावरून नावेने वर जावे तर पैलतीरावर काशीनरेशांचा रामनगरचा किल्ला लागतो. तेथील संग्रहालयात जुन्या तलवारी आणि बंदुका मांडलेल्या आहेत. आपल्याकडे पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय, कोल्हापूरचा नवा राजवाडा, औंधचे संग्रहालय येथेही शस्त्रे पाहावयास मिळतात. पाहणारा काचेपलीकडून धार पाहतो, नक्षी पाहतो, नावाची पाटी वाचतो आणि पुढे जातो. त्या वस्तूचा कोणता भाग मूळचा आणि कोणता मागाहून जोडलेला, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. घाटाला विचारावयाचा तोच प्रश्न शस्त्रालाही विचारता येतो, आणि योग्य रीतीने विचारला तर शस्त्र त्याचे उत्तर देते.

घाट बांधणाऱ्या अहिल्याबाईंना शस्त्रांचा विषय परका नव्हता, हे येथे सांगितले पाहिजे. त्यांचे पती खंडेराव १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात तोफेच्या गोळ्याने पडले. १७६५ साली मल्हाररावांनी सुनेला लिहिलेल्या पत्रात तोफखाना बरोबर ठेवण्याच्या आणि दारूगोळ्याची तजवीज करण्याच्या सूचना आहेत. ज्या घराण्याने पायऱ्या बांधल्या, त्याच घराण्याच्या कारखान्यांत तोफा आणि बंदुकाही सांभाळल्या जात होत्या. शिलेखाना हा त्या काळच्या प्रत्येक मातबर सरदाराच्या कारभाराचा एक विभाग असे.

या शिलेखान्यांतील शस्त्रे एकाच हाताची क्वचितच असत. मराठ्यांची फिरंग हे याचे उत्तम उदाहरण आहे. युरोपातून आलेले लांब, सरळ, लवचीक पाते आणि त्यावर आपल्याकडच्या कारागिराने बसविलेली मूठ, असा तो संकर होता. २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने लंडनच्या लिलावात नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार विकत घेऊन परत आणली. तिचे पाते युरोपीय आहे आणि त्यावर ‘श्रीमंत राघोजी भोसले सेनासाहेब सुभा फिरंग’ अशी देवनागरी अक्षरे सोन्याने कोरलेली आहेत. पाते परदेशी आहे हे भोसल्यांनी झाकून ठेवले नाही. ‘फिरंग’ हा शब्द त्यांनी आपल्या नावाशेजारी अभिमानाने लिहविला. कोणी शुद्धतेच्या हट्टाने ती मूठ काढून पात्याला युरोपीय मूठ लावील तर पाते कदाचित ‘मूळ रूपात’ येईल, पण रघुजींची तलवार मात्र नाहीशी होईल. जुन्या शस्त्रातील बदल हा नेहमीच दोष असतो असे नव्हे, ही पहिली गोष्ट यावरून ध्यानात येते.

बंदुकीच्या इतिहासात तर बदल हा जणू नियमच आहे. तोड्याची बंदूक गेली आणि चकमकीची आली. चकमकीची जाऊन टोपीची आली. प्रत्येक वेळी नवी बंदूक घडविण्याऐवजी जुन्याच नळीला नवा चाप जोडण्याकडे कारखान्यांचा कल असे, कारण नळी हा बंदुकीचा सर्वांत खर्चिक भाग. १८५७ च्या उठावास ज्या एन्फिल्ड रायफलीच्या काडतुसांचे निमित्त झाले, ती तोंडाकडून ठासावयाची बंदूक होती. अवघ्या दहा वर्षांच्या आत, १८६६ पासून, त्याच रायफलींच्या मागच्या भागात जेकब स्नायडरच्या पद्धतीचे उघडझाप करणारे झाकण बसवून त्या मागून भरण्याजोग्या करण्यात आल्या. एकच नळी, पण दोन युगांची साक्षीदार.

यापुढची पायरी म्हणजे तरफेची बंदूक. चापाच्या कडीमागे किंवा कडीलाच जोडलेली एक लोखंडी तरफ खाली ओढली की नळीचे मागचे तोंड उघडते, रिकामे काडतूस बाहेर फेकले जाते आणि नवे भरता येते; तरफ वर घेतली की तोंड पुन्हा घट्ट बंद होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या तत्त्वावर दोन निरनिराळी घराणी वाढली. एक अमेरिकेतील विंचेस्टरचे आणि दुसरे इंग्लंडातील मार्टिनी-हेन्रीचे. भारताच्या इतिहासाशी अधिक निकटचा संबंध दुसरीचा आहे.

मार्टिनी-हेन्री या जोडनावातच तिची वंशावळ आहे. तिच्या यंत्ररचनेची मूळ कल्पना बॉस्टनच्या हेन्री पीबॉडीची, १८६२ मधील. स्वित्झर्लंडच्या फ्रीडरिख फोन मार्टिनीने तीत बाहेरचा घोडा काढून टाकून आघाताची सोय आतल्या ठोकळ्यातच केली. नळी आणि तिच्या आतील फिरत्या सात खाचा एडिंबरोच्या अलेक्झांडर हेन्रीच्या. १८७१ मध्ये ब्रिटिश सैन्याने ही रायफल स्वीकारली. तिच्यात एका वेळी एकच काडतूस राहते. बाहेर घोडा नसल्यामुळे चाप ताणलेला आहे की नाही हे दाखविणारा थेंबाच्या आकाराचा एक काटा तिच्या उजव्या अंगास असतो. जुन्या पितळी पत्र्याची गुंडाळी करून बनविलेली काडतुसे तापलेल्या नळीत अडकून बसत. १८८५ च्या सुदानमधील लढाईत सैनिकांना त्याचा कटू अनुभव आला. १८८८ च्या चौथ्या नमुन्यात तरफ लांब दिसते ती यामुळे; लांब तरफेला जोर अधिक. म्हणजे नुसत्या तरफेच्या लांबीवरून जाणता मनुष्य बंदुकीच्या काळाविषयी पहिला अंदाज बांधू शकतो.

१८५७ नंतर हिंदी शिपायाच्या हाती गोऱ्या शिपायापेक्षा एक पिढी मागचे शस्त्र ठेवावयाचे, असे इंग्रज सरकारचे धोरण होते. गोऱ्या पलटणींना मार्टिनी मिळाली तेव्हा हिंदी पलटणींना स्नायडर. गोऱ्यांना ली-मेटफर्ड मिळाली तेव्हा हिंदी शिपायांना मार्टिनी. राज्यकर्त्यांच्या मनातील अविश्वास असा लोखंडात आणि लाकडात उतरला होता. पुढे सैन्यातून निवृत्त झालेली ही बंदूक पोलीस ठाण्यांत, संस्थानांच्या पागेत आणि शिकाऱ्यांच्या घरी गेली. जिम कॉर्बेट यांनी आपल्या जंगलातील बालपणाच्या आठवणींत .४५० मार्टिनीचा उल्लेख केला आहे. एकाच बंदुकीने सैनिक, शिपाई आणि शिकारी असे तीन संसार केले, आणि प्रत्येक संसाराने तिच्या अंगावर काही ना काही खूण ठेवली.

या खुणा वाचावयाच्या कशा? मार्टिनीच्या मागील लोखंडी पेटीच्या उजव्या बाजूस वर मुकुट, त्याखाली व्हिक्टोरिया राणीची ‘व्ही. आर.’ ही आद्याक्षरे, मग एन्फिल्डसारखे कारखान्याचे नाव, सन आणि नमुन्याचा क्रमांक असतो. ही बंदुकीची जन्मपत्रिका. बाणाचे टोक हे सरकारी मालकीचे चिन्ह. त्याखाली ‘आय’ हे अक्षर असेल तर बंदूक हिंदुस्थान सरकारच्या मालकीची झाली असे समजावे. दोन बाण टोकाला टोक लावून उमटविलेले असतील तर सरकारने ती विकून टाकली. एवढ्या चार-सहा खुणांवरून एका बंदुकीचा जन्म, नोकरी आणि सेवानिवृत्ती सांगता येते.

परंतु सर्वांत बोलकी आहे ती डावी बाजू. १८८९ पासून पुढे धुराविरहित दारूचा आणि .३०३ इंचाच्या लहान गोळीचा काळ आला, तेव्हा हजारो जुन्या मार्टिनींच्या नळ्या बदलून त्यांना नव्या काडतुसाजोगे करण्यात आले. त्यांना प्रथम मार्टिनी-मेटफर्ड आणि पुढे १८९५ पासून मार्टिनी-एन्फिल्ड अशी नावे मिळाली. हा बदल करणाऱ्या कारखान्यांनी उजव्या बाजूची जुनी अक्षरे घासून टाकली नाहीत. त्यांनी डाव्या बाजूवर नवा मुकुट, बदल करणाऱ्या कारखान्याचे नाव, बदलाचे साल आणि नवे माप उमटविले. उजवीकडे जन्म आणि डावीकडे पुनर्जन्म. ज्याला केवळ उजवी बाजू दिसली तो म्हणेल की बंदूक पूर्णपणे मूळची आहे. ज्याने फक्त नळी पाहिली तो म्हणेल की ती वीस वर्षांनी नवी आहे. दोन्ही बाजू पाहिल्या तरच सत्य कळते. प्रामाणिक बदल कसा असावा याचा याहून चांगला वस्तुपाठ मिळणे कठीण. बदल करणाऱ्याने जुनी सही पुसली नाही आणि स्वतःची सही टाळली नाही.

अमेरिकेतील विंचेस्टरची गोष्ट थोडी निराळी आहे. ऑलिव्हर विंचेस्टर हा मूळचा सदऱ्यांचा कारखानदार. त्याच्या कारखान्यातील बेंजामिन टायलर हेन्री याने १८६० मध्ये जी बंदूक सिद्ध केली, तिच्या नळीखाली दुसरी एक लांब नळी असून तीत एकामागून एक काडतुसे भरून ठेवता येत. तरफेच्या प्रत्येक हेलकाव्याबरोबर एक काडतूस आपोआप वर येई. १८६६ च्या नमुन्यात पितळी पेटीच्या उजव्या अंगास काडतुसे आत सारण्याचे झडपेचे दार आले. १८७३ च्या नमुन्यात पेटी लोखंडाची झाली, आणि तो नमुना सात लाखांहून अधिक संख्येने निघाला. जॉन ब्राउनिंगने रचलेला १८९४ चा नमुना तर सत्तर लाखांहून अधिक निघाला. एवढ्या मोठ्या संख्येत एका बंदुकीची ओळख पटवावयाची तर आकड्यांचा आधार हवाच. प्रत्येक बंदुकीवर अनुक्रमांक असे. त्या क्रमांकांच्या कारखान्यातील पुष्कळशा वह्या आजही अमेरिकेत वायोमिंग राज्यातील कोडी येथील संग्रहालयात जपलेल्या आहेत. क्रमांक कळविला असता ती बंदूक कारखान्यातून केव्हा बाहेर पडली, तिची नळी अष्टकोनी होती की गोल, चाप कोणत्या प्रकारचा होता, हे वहीतील नोंदीवरून सांगण्यात येते. सर्व काळच्या वह्या शिल्लक नाहीत. पण जेथे आहेत तेथे त्यांचा निर्णय अखेरचा मानला जातो. पुण्याच्या पेशवे दप्तराचे महत्त्व जाणणाऱ्या मराठी माणसाला हे सहज पटेल. बखरीने सांगितलेली गोष्ट रुमालातल्या कागदाशी ताडून पाहावी, तद्वत विक्रेत्याने सांगितलेली गोष्ट वहीतल्या ओळीशी ताडून पाहावयाची.

जेथे वही नाही तेथे बंदुकीचे शरीरच वाचावे लागते. जाणते लोक प्रथम खुणांचा परस्परांशी मेळ बसतो का ते पाहतात. विंचेस्टरच्या कारखान्याने लंबवर्तुळातील चाचणीची मुद्रा १९०५ मध्ये सुरू केली. तेव्हा त्यापूर्वीच्या क्रमांकाच्या पेटीवर ती मुद्रा नसून नळीवर तेवढी असेल, तर नळी मागाहून आली हे उघड होते. मग येते नळीचे टोक. पुढची माशी टोकापासून नेहमीपेक्षा फार जवळ असली किंवा टोकाची गोलाई ओबडधोबड असली, तर नळी कापून आखूड केलेली असते. मागच्या माशीसाठी पाडलेली खाच रिकामी किंवा पट्टीने बुजविलेली आढळली, तर कोणा शिकाऱ्याने आपल्या दृष्टीच्या सोयीने दुसरी माशी बसविली असली पाहिजे. स्क्रूची खोबण चिरडलेली दिसली तर बंदूक अनेकदा उघडली गेली आहे, आणि तेही बेताच्या हत्याराने.

लाकूड आणि लोखंड यांचा सांधा हा सर्वांत खरे बोलणारा साक्षीदार. कारखान्यात कुंदा बसविताना लाकूड लोखंडाच्या किंचित वर ठेवलेले असे. तेच लाकूड जर लोखंडाच्या खाली खचलेले दिसले, तर कोणीतरी पॉलिश कागदाने ते घासले आहे. अक्षरांच्या कडा जर साबणाच्या वडीवरील अक्षरांसारख्या गुळगुळीत झाल्या असतील, पेटीच्या कोपऱ्यांची धार जाऊन ते गोल झाले असतील, आणि तरीही वरचा काळा-निळा रंग एकसारखा चकचकीत असेल, तर तो रंग नवा आहे. खरी झीज हाताच्या वाटेने जाते. पकडीच्या ठिकाणी, तरफेच्या कडीवर आणि नळीच्या ज्या भागाला खांद्यावरचा पट्टा घासतो तेथे ती दिसते. खाचेत आणि कोपऱ्यात मात्र मूळचा रंग टिकून राहतो. जेथे हात पोचत नाही तेथे झीज आणि जेथे हात नेहमी असतो तेथे झळाळी आढळली, तर ते वय बनावट आहे.

बनावटीचा विषय निघाला म्हणजे वायव्य सरहद्दीची आठवण होते. कोहाट आणि पेशावर यांच्या दरम्यान असलेल्या दर्रा आदमखेलच्या कारागिरांनी इंग्रजी बंदुकांच्या हुबेहूब प्रतिकृती हाताने घडविल्या. हातात साधी अवजारे असूनही त्यांचे कसब थक्क करणारे होते. परंतु इंग्रजी लिपी ही त्यांच्या दृष्टीने अक्षरे नसून नक्षी होती. त्यामुळे ‘एन’ हे अक्षर उलटे पडे, कारखान्याच्या नावात एखादे अक्षर गळे, आणि कित्येकदा व्हिक्टोरियाच्या आद्याक्षरांखाली असे साल उमटे की त्या वेळी राणीला वारून अनेक वर्षे झालेली असत. राणीचा मृत्यू जानेवारी १९०१ मधला. त्यानंतरच्या सालाशेजारी ‘व्ही. आर.’ दिसले की लबाडी उघड झाली. हात फसवू शकतो, पण इतिहासाचे साल फसत नाही. तथापि येथेही एक विवेक ठेवावा लागतो. एन्फिल्डची म्हणून ती बंदूक खोटी. पण सरहद्दीवरच्या एका कारागिराची म्हणून ती अगदी खरी, आणि त्या नात्याने तिचाही स्वतंत्र इतिहास आहे.

नेपाळमधील तरफेच्या बंदुका मराठी वाचकाला एका वेगळ्या कारणाने जवळच्या वाटतील. अहिल्याबाई घाटावरून प्रवाहाबरोबर उत्तरेकडे गेले की ललिता घाटावर लाकडी कोरीवकामाचे नेपाळी मंदिर लागते; काशीचा आणि नेपाळचा संबंध जुना आहे. नेपाळचे सेनानी गहेंद्र शमशेर यांनी मार्टिनीसारखी दिसणारी, परंतु आतून निराळ्या रचनेची एक रायफल तयार करविली. ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. नेपाळी सैन्याच्या बंदुकांवर देवनागरी अक्षरे आणि देवनागरी आकडे कोरलेले आढळतात. ज्या खुणांसमोर युरोप-अमेरिकेतील जाणकार कोश उघडून बसतात, त्या आपल्याकडचा शाळकरी मुलगा वाचू शकेल. मात्र साल विक्रम संवताचे असेल तर त्यातून सत्तावन्न वजा करावे लागतात, एवढे त्याला सांगितले पाहिजे.

काठमांडूच्या लगन सिलेखान्यात अशा जुन्या बंदुकांचे ढीग दशकानुदशके धूळ खात पडले होते. सिलेखाना हा शब्दही आपल्या शिलेखान्याचाच सख्खा भाऊ. २००३ मध्ये तो साठा अमेरिकेतील व्यापाऱ्यांनी विकत घेतला. त्यातील काही बंदुका जशा सापडल्या तशाच, चिकट वंगणाच्या आणि धुळीच्या थरासह विकल्या गेल्या. काही स्वच्छ करून, तुटलेल्या भागांच्या जागी दुसऱ्या बंदुकीचे भाग लावून पूर्ण करून विकल्या गेल्या. मळकट बंदूक पाहून नवशिक्याने नाक मुरडावे आणि चकचकीत बंदुकीला अधिक दाम द्यावे, हे स्वाभाविक आहे. परंतु इतिहासाच्या दृष्टीने मळकट बंदूक हा फोडलेला नसलेला लखोटा आहे. चकचकीत बंदूक म्हणजे कित्येकदा तीन बंदुकांची गोष्ट एका तोंडाने सांगणारा साक्षीदार. त्यातील कोणते वाक्य कोणाचे, हे मग कधीच कळत नाही.

येथवर जे सांगितले त्यावरून बंदुकीतील बदलांचे तीन प्रकार पाडता येतात. पहिला गरजेचा बदल. सैन्याने, पोलिसांनी किंवा शिकाऱ्याने वापरासाठी केलेला. नळी बदलली, तरफ लांबविली, माशी हलविली. ईशापूरच्या कारखान्यात ली-एन्फिल्ड रायफलींचे पोलिसांसाठी .४१० मापाच्या, एका वेळी एकच काडतूस घेणाऱ्या मस्केटीत रूपांतर झाले, तेही याच जातीचे. हा बदल म्हणजे इतिहासच होय. तो पुसणे म्हणजे चरित्रातले पान फाडणे. दुसरा बदल लोभाचा. जुन्या पेटीवर नवी अक्षरे, सामान्य बंदुकीवर मोठ्या पुरुषाचे नाव, आखूड केलेल्या नळीला दुर्मिळ नमुन्याचा आव. हा खोटा दस्तऐवज. तिसरा बदल मायेचा, आणि तो कदाचित सर्वांत घातक. कारण तो करणाऱ्याला आपण चूक करीत आहोत अशी शंकाही येत नाही. आजोबांची तलवार किंवा बंदूक दसऱ्याच्या पूजेसाठी खाली काढावी, गंज दिसला म्हणून कागदाने खसाखसा घासावी, नळीवरील पुसट अक्षरे ‘स्वच्छ’ व्हावीत, कुंद्याला व्हार्निश द्यावे, आणि वस्तू नव्यासारखी झाली म्हणून समाधान मानावे. एका दुपारच्या त्या भक्तीत दीडशे वर्षांची साक्ष भुकटी होऊन जमिनीवर पडते. लोभाने केलेली लबाडी जाणकार ओळखू शकतो; मायेने घासून टाकलेले अक्षर मात्र कोणताही जाणकार परत आणू शकत नाही.

म्हणून ज्या घरात किंवा संस्थेत अशी वस्तू असेल, तेथे करावयाच्या गोष्टी थोड्या आणि सोप्या आहेत. कोरड्या मऊ कापडाने धूळ टिपावी; घासणे, रंगविणे, कोरणे टाळावे. दोन्ही बाजूंच्या खुणा स्वच्छ उजेडात न्याहाळून जशाच्या तशा कागदावर उतरवून घ्याव्यात. वाचता न येणारे अक्षर अंदाजाने पूर्ण करू नये. घराण्यात चालत आलेली हकीकत स्वतंत्र लिहून ठेवावी. ती खुणांशी जुळली नाही तरी टाकून देऊ नये आणि खुणा हकीकतीत बसवूही नयेत. दुरुस्ती अटळ असेल तर काढलेला भाग फेकू नये, आणि काय बदलले याची तारीखवार नोंद वस्तूबरोबर ठेवावी. कायद्याचेही भान हवे. १९५९ च्या शस्त्र कायद्याने जी जुनाट बंदूक दुरुस्त करूनही वापरता येणार नाही तिला सूट दिलेली आहे. पण जी चालू शकते ती कितीही जुनी असली तरी परवान्याच्या कक्षेत येते. आणि शंभर वर्षांवरील वस्तूंना १९७२ चा पुरावस्तूंचा कायदाही लागू होऊ शकतो. शंका असेल तेथे पोलीस आणि पुरातत्त्व खाते यांना विचारणे हेच शहाणपणाचे.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप एका जुन्या बंदुकीसाठी कशाला? ती आता कोणाचे संरक्षण करीत नाही आणि कोणाला भिववीतही नाही. हे खरे आहे. परंतु ज्या काळाचे कागद बहुतांशी राज्यकर्त्यांनी लिहिले, त्या काळात हिंदी शिपायाने स्वतःच्या हाताने मागे ठेवलेल्या गोष्टी फार थोड्या आहेत. कुंद्यावर त्याच्या गालाने पडलेला गुळगुळीत ठसा, तरफेवर त्याच्या बोटांची झीज, पलटणीचा कोरलेला क्रमांक ही त्याची दप्तरे आहेत. त्याने आत्मचरित्र लिहिले नाही. जे लिहिले ते लाकडावर आणि लोखंडावर, आणि नकळत. ते पुसले गेले तर त्याची बाजू मांडणारे दुसरे कोणी उरत नाही.

पुन्हा अहिल्याबाई घाटावर येऊ. दर पावसाळ्यात गंगा चढते, पायऱ्या गाळाखाली बुडतात, पाणी ओसरले की माणसे तो गाळ उपसून काढतात, आणि मोडलेल्या चिऱ्याच्या जागी नवा चिरा बसतो. बांधणारीचे नाव त्यामुळे पुसले जात नाही. नव्याने बसविलेल्या चिऱ्याने आपण अठराव्या शतकातले आहोत असे मात्र म्हणू नये, आणि जुन्या चिऱ्याला नवा दिसावा म्हणून कोणी तासू नये. मार्टिनीच्या उजव्या बाजूवर जन्माचे साल आहे आणि डाव्या बाजूवर बदलाचे. घाट असो, मंदिर असो, तलवार असो की तरफेची बंदूक असो, तिच्या दोन्ही बाजू शाबूत राहतील आणि दोन्ही वाचल्या जातील, एवढी काळजी घेतली तरी आपण पूर्वजांचे आणि सत्याचे दोघांचेही ऋण थोडे फेडले असे होईल.